लोरेटचा पाय आणि चारशे आमदार

पाइक्स नॉच
११ जानेवारी

ती. क्लॉडेटताईस,
धाकट्या नॉर्मांडाचा शि. सा. न. वि. वि.

तू चुलतभावाच्या गाडीतून पाठवलेली तूर्तिएर पाई पोचली. वाटेत थोडी चेपली होती, पण आतलं मांस आणि लवंगेचा वास थेट आईच्या हातचा. लोरेटने दुसऱ्यांदा मागून घेतली. हल्ली ती काही मागून घेते तो दिवस मला सणासारखा वाटतो.

फोन कर म्हणतेस. ताई, लाकडाच्या गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला फोनमधून नुसती गुणगुण ऐकू येते. लोरेटला नसांच्या या आजाराने एकाचे दोन दिसतात. त्यामुळे पत्र मी वाचायचं आणि तिने ऐकायचं, असं आम्हा दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. तेव्हा पत्रच बरं.

जानेवारी आला की आमचा विमा पुन्हा पहिलीत जाऊन बसतो. गेल्या वर्षी जे भरलं ते सगळं विसरायचं आणि पुन्हा आपल्या खिशातून सुरुवात करायची. औषधाच्या दुकानातली पोरगी गोळ्यांची किंमत सांगताना माझ्याकडे न बघता काउंटरकडे बघत होती. बरं, त्या गोळ्या घेतल्या की पायाचे गोळे थांबतात, पण पायाबरोबर बाईही झोपते. संध्याकाळी उठते आणि मला विचारते की आज वार कोणता.

डॉक्टरांनी दिलेले ते गांजाच्या तेलाचे थेंब मात्र लागू पडतात. घेतले की पाय सैल होतो आणि डोकं जागेवर राहतं. पण सरकारमान्य दुकान खिंडीच्या पलीकडे, विमा त्याला एक दमडी देत नाही, आणि या बर्फात खिंड बंद झाली की आम्ही अलीकडे आणि थेंब पलीकडे. भोवतालच्या तिन्ही राज्यांत आजारी माणसाला घरी गांजाच्या चार कुंड्या लावता येतात. नदीपार जिथे मी काल ट्रकमध्ये डिझेल भरलं, तिथेसुद्धा चालतं. आपल्या राज्यात दुकानातून आणलं तर औषध आणि खिडकीत लावलं तर गुन्हा.

मी म्हटलं लावून टाकू, कोण बघतंय. पण ही पडली गावच्या कचेरीची जुनी चिटणीस. कुत्र्याचा परवाना उशिरा काढला म्हणून सख्ख्या भावाकडून दंड वसूल केलेली बाई. म्हणाली, आधी कायदा होऊ दे, मग लाव. माझ्या छपराखाली चोरून काही उगवणार नाही. पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

तेव्हा आमदारबाई, तुमच्या त्या चारशे जणांच्या बाजारात आमच्या कुंड्यांचं काय चाललंय ते कळवा. वर्षाला शंभर डॉलर पगारात जेवढं होईल तेवढंच करा, जास्त मागणं नाही.

लोभ आहेच, तो बर्फाखाली दबू देऊ नये.

तुझा धाकटा,
नॉर्मांड

वेअरफिल्ड
३ फेब्रुवारी

चि. नॉर्मांड व सौ. लोरेट यांस,
अ. उ. आ.

चिडवून घे. शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांची जेवणं काढत होते तेव्हा याहून जास्त मान होता. गावातून दुसरं कुणी उभं राहिना म्हणून मला निवडून दिलं, हे तुला ठाऊक आहे आणि तू ते चारचौघांत सांगतोस, हे मला ठाऊक आहे.

इथली एक पद्धत मला मनापासून आवडते. कुणीही काहीही विधेयक आणलं तरी त्याची सुनावणी होते. वाटेवरचा माणूस उठून आला तरी त्याला बोलू देतात. आणि समितीला आवडो न आवडो, प्रत्येक विधेयक सगळ्या सभागृहासमोर येतंच. त्यामुळे होतं काय, की विधेयकं शेकड्यांनी येतात आणि आमच्या पाठीचा काटा ढिला होतो. परवा कोंबड्यांच्या खुराड्यावर अख्खी दुपार गेली.

कुंड्यांच्या विधेयकाची सुनावणी मंगळवारी झाली. किनाऱ्याकडून एक म्हातारा आला होता, बायकोच्या आठवणीने मध्येच थांबला आणि मग बोललाच नाही. नुसता उभा राहिला. त्याला कुणी बसा म्हटलं नाही. मीही बोलले. लोरेट, तुझं नाव घेतलं नाही, नुसतं माझी भावजय म्हटलं. समितीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटी कौल दिला की हा कायदा करू नये.

घाबरू नका, यात अजून धुगधुगी आहे. आता सभागृहापुढे प्रश्न असा येईल की समितीचा 'करू नये' हा कौल मान्य आहे का. बहुमताने नाही म्हटलं तर कौल पडला आणि आपलं विधेयक उभं राहिलं. आमच्या बाजूचे लोक म्हणतात अगदी काठावरचं आहे.

दुसरं एक विधेयक औषधांच्या किमतीचं आहे. विमा असलेल्या माणसाला महिन्याला औषधांसाठी स्वतःच्या खिशातून ठरावीक रकमेपेक्षा जास्त भरावं लागू नये, असं. जानेवारीचं तुझं रडगाणं त्याने थांबेल. लोरेटच्या गोळ्याही त्यात येतात. तेही काठावरच आहे. हल्ली सगळंच काठावर असतं आणि आम्ही काठावर बसून बसून अवघडलोय.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एल्टन फिलब्रिक नावाचे आजोबा असतात. पक्ष विरुद्ध, मत विरुद्ध, पण पेपरमिंटची गोळी रोज न चुकता देतात. आमचं दोघांचं जमतं ते त्या गोळीपुरतं.

लोरेट, जिन्याशी जाऊ नकोस. थेंब किती उरलेत ते कळव. माया करता तशीच करत राहा, इथे तिची फार गरज लागते.

तुमची,
क्लॉडेट

पाइक्स नॉच
२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिन्याशी जाऊ नकोस असं तू लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती जिन्याशी गेली. पाय मध्येच लाकडासारखा ताठ झाला आणि खालच्या तीन पायऱ्यांवरून घसरली. हाड मोडलं नाही. कोपर आणि गाल काळेनिळे आहेत. चर्चमधल्या बायका आता माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, आणि लोरेटला त्याची भारी मजा वाटते.

थेंब संपलेत. खिंड आठवडाभर बंद होती. उघडल्यावर गेलो तर दुकानात तिला लागतो तो प्रकारच नव्हता, पुढच्या महिन्यात या म्हणाले. रिकाम्या हाताने परत आलो. सध्या गोळ्यांवरच आहे, म्हणजे झोपूनच आहे.

मेपलचा रस यंदा लवकर उतरायला लागलाय. गुऱ्हाळाची भट्टी पेटवली. एरवी पाक उतरवताना लोरेट खुर्ची टाकून बसायची आणि मला चुका सांगायची. यंदा चुका सांगायला कुणी नाही, म्हणून पहिला घाणा करपवला.

मत कधी आहे ते लिही. तुझं ते 'काठावर' ऐकून ती म्हणाली की काठ बरा, निदान पाण्यात तर नाही. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

आठवण ठेवशीलच. ठेव.

नॉर्मांड

वेअरफिल्ड
७ मार्च

चि. नॉर्मांडास,
अ. उ. आ.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय, तेव्हा सरळच लिहिते. विधेयक पडलं. एका मताने पडलं. ते मत माझं होतं.

ऐक. गुरुवारी सकाळपासून आम्ही बसलो होतो. सकाळची बरीचशी विधेयकं 'कायदा करावा' अशा कौलाची होती. करावं वाटलं की हिरवं बटण, नको वाटलं की लाल. औषधांच्या किमतीचं त्यातच आलं आणि थोडक्यात मंजूर झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारी कुंड्यांचं आलं. मी उठून बोलले. नॉर्मांड, मी चांगली बोलले रे. काळ्यानिळ्या गालाचं सांगितलं, बंद खिंडीचं सांगितलं. घंटा झाली, अध्यक्षांनी प्रश्न वाचला, आणि मी माझ्या विधेयकासाठी हिरवं दाबलं.

प्रश्न होता, समितीचा 'करू नये' हा कौल मान्य आहे का. हिरवं म्हणजे मान्य. लाल दाबायचं होतं. नव्या सभासदांच्या शिकवणीत मी स्वतः दुसऱ्या बाईंना हे समजावलं होतं. फळ्यावर आकडे आले तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणी घात केला. मग फिलब्रिकांनी माझ्या नावासमोरच्या दिव्याकडे बोट केलं.

मी बाहेर जाऊन गाडीत बसले. रडायलाही येईना. तेवढ्यात फिलब्रिक काठी टेकत आले आणि काचेवर टकटक केली. त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे आपल्याविरुद्ध मत दिलं होतं. म्हणाले, "बाई, फेरविचार मागायचा हक्क जिंकलेल्या बाजूच्यालाच असतो. चुकून का होईना, तुम्ही जिंकलेल्या बाजूला आहात." पुढच्या बैठकीत, म्हणजे एकोणीस तारखेला, मी उठून मागितलं तर पुन्हा मत घेता येतं. ते पुन्हा विरुद्धच मत देणार, पण चुकीने मेलेलं विधेयक त्यांना आवडत नाही म्हणाले.

इथवर ठीक होतं. संध्याकाळी आमच्या बाजूच्या पुढारीणबाईंनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, समोरच्यांनी औषधांच्या किमतीचं विधेयक परत न उकरण्याचं कबूल केलंय. तू कुंड्यांचं उकरलंस तर ते किमतीचं उकरतील, त्याच्या बाजूने मत दिलेला एक जण त्यांच्यात आहेच. त्या दिवशी आपले काही जण इस्पितळात आणि लग्नाकार्यात आहेत, ते तेव्हा पडेल. म्हणजे माझी चूक निस्तरायला गेले तर राज्यातल्या कितीतरी घरांच्या गोळ्या महाग राहणार, आणि न निस्तरली तर लोरेटचा पाय.

माझं डोकं चालत नाही. लोरेटला हे सगळं वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. तिने तीस वर्षं लोकांची कामं केलीत, तिला कळेल. ती म्हणेल तसं करीन.

रागावली असशील तर, लोरेट, राग पत्रातून पाठव, पण पाठव.

तुमची,
क्लॉडेट

पाइक्स नॉच
११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गावसभा झाली. बर्फ ढकलायच्या नव्या गाडीवर दोन तास भांडण आणि शाळेच्या छपराला पाच मिनिटं. म्हणजे तुमचं मोठं सभागृह फार वेगळं नसावं.

तुझं पत्र आलं. कागद बरेच होते, लोरेटला थकवा होता, जेवढं कामाचं तेवढं वाचून दाखवलं. बटणाचं ऐकून ती इतकी हसली की पायात गोळा आला. म्हणाली, वन्संनी शाळेत पोरांना मिठाऐवजी साखर घातलेलं वाटाण्याचं सूप वाढलं होतं, त्या मानाने हे काहीच नाही. मग म्हणाली, चूक झाली तर उठून सांगावी, त्यात विचारायचं काय.

तेव्हा ऊठ आणि सांग. तिचं उत्तर हेच आहे.

काल ती सबंध दिवस झोपून होती. आता काय लिहू. ऊठ, ताई.

नॉर्मांड

वेअरफिल्ड
२० मार्च

चि. नॉर्मांड व सौ. लोरेट यांस,
अ. उ. आ.

उठले. चारशे जणांसमोर म्हणाले की माझ्या स्वतःच्या विधेयकाविरुद्ध मी स्वतःच बटण दाबलं, मला पुन्हा संधी द्या. आधी हशा झाला. मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. हशा आणि टाळी, दोन्ही मला सारखंच लागलं. फेरविचार मंजूर झाला, पुन्हा मत घेतलं, मी बोटाने लाल बटण आधीच धरून ठेवलं होतं. समोरच्यांतल्याही काहींनी या वेळी आपल्या बाजूने मत दिलं, कुंड्यांचं विधेयक बचावलं आणि पुढे मंजूरही झालं. आता ते वरच्या सभागृहात जाईल.

पाऊण तासाने त्यांच्यातला, त्या दिवशी किमतीच्या बाजूने मत दिलेला एक जण उठला आणि त्याने औषधांच्या किमतीचं उकरलं. आमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पडलं.

पुढारीणबाई माझ्या जवळून सरळ पुढे गेल्या. फिलब्रिकांनी गोळी पुढे केली, मी घेतली नाही, मग त्यांनी ती माझ्या वहीवर ठेवली. परत येताना आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानासमोर सिग्नल लाल होता. मी मान वळवून दुसरीकडे बघत बसले.

लोरेट, तू विचारपूर्वक सांगितलंस म्हणूनच उठण्याचं बळ आलं. मी एकटी असते तर उठले असते की नाही, देवाला ठाऊक. आता मनात एवढंच येतं की तुझा पाय सैल व्हावा, म्हणजे हे सगळं कशासाठी केलं ते मला दिसेल.

लोभ वाढवू नका, आहे तेवढा टिकवा.

तुमची,
क्लॉडेट

पाइक्स नॉच
१३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला एक सांगायचंय, आणि ते मीच सांगितलेलं बरं.

तुझ्या मार्चच्या पत्रातलं पुढारीणबाईंचं पान मी लोरेटला वाचून दाखवलं नव्हतं. बटण, फिलब्रिक, फेरविचार, एवढंच वाचलं. किमतीच्या विधेयकाचं मी गाळलं आणि पुढच्या पानावर गेलो. तुझं नंतरचं पत्रही तसंच वाचलं. मला माहीत होतं ती काय म्हणाली असती.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं. तिथे ओरोर पेलोकॅं तिच्या शेजारी बसली. ओरोर रक्त पातळ व्हायच्या गोळ्या सुरीने अर्ध्या करून घेते, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती सहज म्हणाली की औषधं स्वस्त व्हायची होती पण म्हणे कुठल्याशा बाईने दुसरंच काही उकरून काढलं आणि ते बारगळलं. लोरेटने त्या बाईचं नाव विचारलं. ओरोरला माहीत नव्हतं. लोरेटला कळलं.

घरी आल्यावर तिने तुझी पत्रं मागितली, भिंग घेतलं, एक डोळा हाताने झाकला आणि स्वतः वाचली. बराच वेळ लागला. मी समोर बसून होतो. वाचून झाल्यावर तिने कागद पुन्हा घडीवर घडी घालून पाकिटात ठेवले आणि म्हणाली, "माझा पाय माझा आहे, नॉर्मांड. तू तो सगळ्या राज्याच्या गळ्यात बांधलास." तेव्हापासून माझ्याशी फक्त सूप आणि सरपण एवढ्यावरच बोलते.

मी पुन्हा तसंच केलं असतं. हे तुला लिहितो, तिला सांगत नाही. तू सकाळी तिला पलंगावरून उठताना बघितलेलं नाहीस. तुला फसवलं त्याचं मात्र वाईट वाटतं, खरंच वाटतं.

माफ करावंस असं लिहवत नाही. पत्र मात्र लिही.

नॉर्मांड

वेअरफिल्ड
१६ मे

चि. नॉर्मांडास,
अ. उ. आ.

महिनाभर तुला लिहिलं नाही. रागावले होते. मग रागाचाही कंटाळा आला. आणि खरं सांगायचं तर तू मला फसवलंस हे जितकं खरं, तितकंच मी फसायला टपून बसले होते हेही खरं. 'लोरेटचं उत्तर हेच' एवढं वाचल्यावर मी पत्र उलटून पालटून बघितलंसुद्धा नाही. मला उठायचंच होतं. माझ्या हातून झालेली घाण मला आधी धुवायची होती, कुणाच्या का गोळ्या महाग होईनात.

आता पुढचं. काल वरच्या सभागृहात कुंड्यांचं विधेयक आलं. मी वर सज्जात जाऊन बसले होते. एका पुलाला नाव द्यायचा ठराव झाला, मग आपलं आलं. कुणी बोललं नाही. अध्यक्षांनी विचारलं, बाजूने कोण, विरुद्ध कोण, आणि ते पडलं, संपलं. अंडं उकडायला याहून जास्त वेळ लागतो. मग त्यांनी जेवायची सुट्टी घेतली.

मी खाली उतरले तर फिलब्रिक जिन्यापाशी उभे होते. त्यांना हवं तेच झालं होतं, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मला गाडीपर्यंत सोडलं आणि म्हणाले, नोव्हेंबरच्या निवडणुकीला उभ्या राहा, नाहीतर माझ्या शेजारी कुणी बडबड्या येऊन बसेल. उभं राहायचं बळ नाही आणि घरी बसायचं तोंड नाही, अशी गत आहे.

म्हणजे दोन्ही गेलं रे. माझ्या हातून किमतीचं गेलं आणि त्यांच्या हातून कुंड्यांचं. लोरेटला हे वाचून दाखव. या वेळी सगळं.

माझ्याबद्दल जे वाटत असेल ते वाटू दे, फक्त तोडू नका.

तुमची,
क्लॉडेट

पाइक्स नॉच
८ जून

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. जाड पेन घेतलंय, एक डोळा बंद आहे, ओळी वाकड्या जातील. नॉर्मांडला बाहेर पाठवलंय. तो मधली पानं गाळतो.

तुमच्यावर मी रागावले होते, अजून थोडी आहे. तुम्ही मला विचारलंत, ते बरोबर केलंत. पण तुम्ही माझ्या नवऱ्याला विचारलंत आणि त्याचं उत्तर माझं म्हणून घेतलंत. माझा हात चालत नाही, डोळे चालत नाहीत, पण तोंड चालतं हो. ओरोर परवा आंबट चुक्याची पाई घेऊन आली. आता तिला माहीत आहे ती बाई कोण. तिने एक शब्द काढला नाही, पाई कापली, मला भरवली आणि ताट धुऊन गेली. मला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तुमचं शेवटचं पत्र नॉर्मांडने सगळं वाचलं. सज्जातलं, पुलाचं, जेवायच्या सुट्टीचं. तीस वर्षं मी या गावात प्रत्येक माणसाला हात वर करायला लावून शपथ दिली आहे, कायदा पाळीन अशी. मला वाटायचं मी वाट बघितली तर कायदाही माझी थोडी वाट बघेल. वन्सं, मी फार वाट बघितली. मला त्याचा कंटाळा आलाय. दमलेय मी.

गेल्या सोमवारी मी नॉर्मांडला सांगितलं, नदीपार जा आणि रोपं घेऊन ये. तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला की मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मग टोपी घालून गेला. चार रोपं आणली. गुऱ्हाळाच्या मागे दक्षिणेकडे, जिथे ऊन असतं, तिथे लावली. मी खुर्ची टाकून बसले आणि त्याला चुका सांगितल्या.

आणि मग मी आमच्या पोलीसप्रमुखाला, रेमी दुगेला, फोन केला. चोरून काही करायची मला सवय नाही, या वयात लावून घ्यायची नाही. तो आला, कॉफी घेतली, मागे जाऊन रोपं बघितली आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. त्याला शपथ मीच दिली होती, त्याला ती आठवत असणार. म्हणाला, "लोरेट, मला का सांगितलंस? न सांगतीस तर मला कळलं नसतं." मी म्हटलं की तुला कुणी विचारलं तर खोटं बोलायची पाळी यायला नको, खरं काय ते सांग, मी घरीच आहे. त्यावर तो म्हणाला की त्याच्याकडे सध्या अस्वलांचीच इतकी कामं आहेत की रोपांकडे बघायला सवड नाही, आणि अस्वल कुंपणात शिरलं तर तेवढं बोलवा. जाताना नॉर्मांडशी हात मिळवून गेला. काय करील ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच्या जागी मी असते तर लिहून घेतलं असतं.

तुम्ही नोव्हेंबरात उभ्या राहा. माझ्यासाठी नको, माझं मी बघितलं. ओरोरच्या गोळ्यांसाठी राहा. आणि बटण दाबण्याआधी प्रश्न ऐका.

पायाचं विचाराल, म्हणून लिहिते. तसाच आहे. आज सकाळी तर जास्तच ताठ होता. नॉर्मांड म्हणतो झाडाला ऑक्टोबरशिवाय काही धरणार नाही. म्हणजे बघा, जन्मभर टाळलेला गुन्हा माझा गेल्या सोमवारीच करून झाला, आणि आराम अजून चार महिने लांब आहे.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही असू द्यावेत.

तुमची भावजय,
लोरेट